ऑपरेशन पेशंटचं, कंबर मामांची

मे महिन्यातली दुपार. बाहेर जळगावचं ऊन चव्वेचाळीसच्या पुढे, आत ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, एसीमुळे अंगावर काटा. खुब्याचं ऑपरेशन नुकतंच आटोपलं होतं. आजोबा ऐंशी किलोंचे. स्पायनल, म्हणजे पाठीतून भूल, दिलेली, त्यामुळे कमरेखालचे दोन्ही पाय परक्या माणसाचे असावेत तसे पडलेले. ट्रॉली टेबलाला लावली. मामा, म्हणजे आमचे वॉर्डबॉय, ट्रॉलीच्या बाजूने वाकले, मी टेबलाच्या बाजूने. भूलतज्ज्ञ सर डोक्याशी, मावशी पायाशी. "एक, दोन, तीन." मी ‘तीन’वर ढकललं. मामांनी ‘तीन’ ऐकलं आणि मग ओढलं. शिवाय ट्रॉलीच्या एका चाकाचा ब्रेक लागलेलाच नव्हता. ट्रॉली चार बोटं सरकली, आजोबा मधल्या फटीवर आले आणि मामांनी त्यांना तसंच, पुढे पसरलेल्या हातांवर, तोलून धरलं.

आजोबांना काही झालं नाही. मामा मात्र सरळ झाले ते कमरेवर हात ठेवूनच. "काही नही सिस्टर, लचक भरनी."

त्या लचकेने त्यांना अडीच महिने घरी बसवलं. त्या दिवशीच्या रजिस्टरमध्ये ऑपरेशनची वेळ आहे, रक्ताच्या पिशवीचा नंबर आहे, मॉपची, म्हणजे रक्त टिपायच्या कापडांची, मोजणीसुद्धा दोनदा लिहिलेली आहे. मामांच्या कमरेबद्दल एक ओळ नाही.

बावीस वर्षं ओटीत काढल्यावर माझं मत असं झालंय की या दुखण्याचं खापर आपण चुकीच्या माथ्यावर फोडतो. ‘मामांना नीट वाकता येत नाही’, ‘सिस्टरची कंबर नाजूक आहे’, ‘आता वय झालं’. कंबर जाते ती वजनापेक्षा अंतरामुळे, म्हणजे ओझं अंगापासून किती लांब आहे यामुळे. आणि ते अंतर बहुतेक वेळा मामांच्या हातात नसतं. टेबलाची रुंदी, ट्रॉलीची उंची, माणसांची संख्या यांनी ते आधीच ठरवलेलं असतं.

अंतराचा हा हिशेब एकदा डोक्यात बसला की बाकीच्या गोष्टी आपोआप समजतात.

उलटी पहार

शेतातला धोंडा हलवायला पहार लावतात. धोंड्याजवळ एक छोटा दगड टेकू म्हणून ठेवायचा, पहारेचं लांब टोक आपल्या हातात घ्यायचं. लांब टोकावर थोडा जोर दिला की आखूड टोकावरचा मोठा धोंडा हलतो. आपल्या कमरेत हीच पहार उलटी बसवलेली आहे. टेकू म्हणजे मणक्यांमधली गादी. पाठीचे मोठे स्नायू या टेकूच्या मागे जेमतेम ५ सेंटिमीटरवर ओढतात, आणि ओझं असतं पुढे, आपल्या हातांत, ४०-५०-६० सेंटिमीटरवर. म्हणजे लांब टोक ओझ्याकडे, आखूड टोक आपल्याकडे. ओझं टेकूपासून ५० सेंटिमीटरवर असेल तर ते तोलायला स्नायूंना त्याच्या दहापट जोर लावावा लागतो. तो सगळा जोर मणक्यांना एकमेकांवर दाबतो.

आता ओटीतलंच उदाहरण घेऊ. पायाचं ऑपरेशन आहे आणि पेंटिंग करायचंय. म्हणजे मांडीपासून घोट्यापर्यंत बीटाडिन लावून होईपर्यंत कुणीतरी पाय वर धरून उभं राहायचं. माणसाचा एक पाय त्याच्या एकूण वजनाच्या साधारण १६ टक्के भरतो. ८० किलोंच्या पेशंटचा पाय झाला जवळपास १३ किलोंचा. त्यातला अर्धा भार खुब्याचा सांधा पेलतो असं धरलं तर धरणाऱ्याच्या हातात उरले ६ किलो. सहा किलो म्हणजे काहीच नाही, बाजारातून भाजीच्या पिशव्या आणतो तेवढं. पण टेबलाची कड मध्ये असल्याने हात लांब, ६० सेंटिमीटर. बारापट झाली. ६ किलोंसाठी स्नायूंची ओढ ७२ किलोंची.

खरी गंमत पुढे आहे. तुम्ही वाकला आहात. तुमचं स्वतःचं धड, डोकं, हात मिळून, ५५ किलोंच्या सिस्टरचे धरले तरी, तीसेक किलो होतात. वाकल्यावर त्यांचा भार टेकूच्या २० सेंटिमीटर पुढे गेला, म्हणजे चौपट. आणखी १२० किलो. पेशंटच्या पायापेक्षा आपल्याच धडाने कमरेवर जास्त भार टाकला! दोन्ही ओढी मिळून १९२, त्यात धड आणि पाय यांचं सरळ खाली येणारं वजन ३६. ढोबळ बेरीज २३० किलोंच्या आसपास, आणि तीही कमरेतल्या सगळ्यात खालच्या गादीवर. हातात फक्त सहा किलो असताना.

अमेरिकेत ‘नायॉश’ नावाची कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणारी सरकारी संस्था आहे. कमरेच्या गादीवरचा दाब ३४०० न्यूटनच्या, म्हणजे साधारण ३४५ किलोंच्या, आत राहावा असं ती सांगते. २३० म्हणजे त्या आतच, असं वाटेल. पण वरच्या हिशेबात आपण अंग पिळलेलं नाही, पाय जड प्लास्टरचा नाही, पेशंट शंभर किलोंचा नाही, आणि आपण पाय झटकन वर करून खाली ठेवलाय असं धरलंय. प्रत्यक्षात तो चार-पाच मिनिटं धरून ठेवायचा असतो. स्नायू सतत आवळलेला राहिला की त्यातून रक्त नीट फिरत नाही, तो थकतो, आणि थकलेला स्नायू ऐन झटक्याला साथ देत नाही.

याच्या शेजारी रावेर-यावलकडची केळीतोड ठेवून बघा. २०-२५ किलोंचा घड, डोक्यावर चुंबळ, आणि माणूस बांधावरून ताठ चालत ट्रकपर्यंत जातो. घड नेमका मणक्याच्या रेषेत असल्याने टेकूपासूनचं अंतर जवळजवळ शून्य. २२ किलोंच्या घडाचे कमरेवर २२ किलोच पडतात. मानेचं काय होतं हा निराळा विषय, आणि तो घड खाली वाकून उचलतानाही कंबर जातेच. पण चालताना डोक्यावरच्या २२ किलोंपेक्षा ओटीतले हातभर लांबचे ६ किलो तिपटीहून जास्त महाग पडतात. माझा दीर केळीच्या व्यापारात आहे. त्याला हे सांगितलं तर तो बराच वेळ हसत होता. मग म्हणाला, "म्हणजे वहिनी, तुम्ही हमालीच करता, फक्त चुंबळ नाही."

पुरणाचा उंडा

गादी बिघडते म्हणजे नक्की काय होतं? आपल्याकडे खापरावरचे मांडे करतात, त्याचा उंडा डोळ्यांसमोर आणा. आत मऊ पुरण, भोवती कणकेचं आवरण. मणक्यांमधली गादी अशीच असते. आत ओलसर, लिबलिबीत गर आणि भोवती चिवट तंतूंची १५ ते २५ कडी, एकात एक बसवलेली. उंड्यावर सगळीकडून सारखा दाब दिला तर काही होत नाही. एकाच कडेला अंगठा दाबला की पुरण दुसऱ्या कडेला पळतं आणि आवरण तिथे ताणतं. पुढे वाकून उचलताना गादीची पुढची कड दाबली जाते, गर मागे सरकतो. मागेच पायाकडे जाणाऱ्या नसा असतात. त्यात अंगाला पीळ पडला तर तंतूंपैकी निम्मे ताणतात, निम्मे सैल पडतात. एका झटक्यात आवरण फाटतं असं क्वचितच होतं. बारीक चिरा वर्षानुवर्षं पडत राहतात.

मोठ्या माणसाच्या गादीत रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात, त्यामुळे या चिरा सहजी भरून येत नाहीत. आतल्या भागात दुखणं कळवणाऱ्या नसाही नाहीत. म्हणून मामांना वीस वर्षं काही जाणवत नाही आणि एक दिवस खाली पडलेली किडनी ट्रे उचलताना ते तिथेच बसतात. मग सगळे म्हणतात, ‘एवढीशी ट्रे उचलली आणि कंबर गेली.’ ट्रेचं नाव झालं, काम आधीच्या हजार शिफ्टिंगनी केलेलं होतं.

अजून एक गोष्ट, जी मला स्वतःला उशिरा कळली. रात्रभर आडवं राहिल्यावर गादी पाणी शोषून फुगते. सकाळी आपण रात्रीपेक्षा दीड-दोन सेंटिमीटर उंच असतो, ते यामुळे. फुगलेली गादी वाकताना जास्त ताणते. उठल्यानंतरचा पहिला तास-दोन तास खोल वाकणं टाळावं, हे त्यामुळे. आता आमच्याकडचा क्रम बघा. पहाटे उठून घरचं झाडणं-पुसणं, मग पंचवीस किलोमीटर मोटरसायकलवर खड्डे खात, आणि आठ वाजता ओटीत पोचल्या पोचल्या पहिलं काम सिलिंडर बदलणे.

किती वजन म्हणजे जास्त?

नायॉशने १९९१ मध्ये उचलण्याचं एक सूत्र तयार केलं. सगळं जुळून आलेलं असेल, म्हणजे ओझं अंगाशी, कमरेच्या उंचीला, पकडायला कान असलेलं, पीळ नाही, तर मर्यादा २३ किलो. ओझं २५ सेंटिमीटरच्या पुढे गेलं की ती घटत जाते. ५० सेंटिमीटरवर सरळ निम्मी, साडेअकरा किलो.

पण ते सूत्र खोक्यांसाठी होतं. पेशंट खोकं नाही. त्याला कान नसतात, तो मध्येच हलतो, आणि भूल दिलेली असेल तर त्याचं अंग ओल्या गोणपाटासारखं हातातून निसटतं. २००७ मध्ये त्याच संस्थेतले संशोधक थॉमस वॉटर्स यांनी पेशंटसाठी वेगळा आकडा मांडला. एका माणसाच्या वाट्याला फार तर १६ किलो, तेही परिस्थिती अनुकूल असेल तर. हात लांब करावे लागत असतील, अंग पिळावं लागत असेल तर त्याहून कमी.

या आकड्याने आमच्या ओटीतला एक आवडता समज मोडतो. सातपुड्यातून, धडगाव-अक्कलकुवा बाजूने येणारे पेशंट बऱ्याचदा किडकिडीत असतात. चाळीस किलोंची बाई बघितली की मामा म्हणतात, "हिला काय ट्रॉली-बोर्ड पाहिजे, आम्ही दोघं उचलतो." चाळीसचे दोघांत वीस-वीस. सोळाच्या वर गेलेच. जाड पेशंट आला की सगळे सावध होतात, माणसं बोलावतात, पवित्रा घेतात. हलका पेशंट आला की कुणी कुणाला बोलवत नाही. मी पाहिलेल्या लचका बऱ्याचशा हलक्या पेशंटच्याच आहेत.

दोघांनी मिळून उचललं म्हणजे झालं, हेही खरं नाही. अमेरिकेतल्या ओहायो राज्याच्या विद्यापीठात १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लोकांच्या पाठीला मोजणारी यंत्रं लावून पेशंट हलवायला लावलं. एकट्याने हलवताना धोका होताच, पण दोघांनी मिळून करतानाही कमरेवरचा भार सुरक्षित पातळीत राहत नव्हता.

उचलू नका, सरकवा

आडव्या पेशंटला टेबलावरून ट्रॉलीवर नेणं हे ओटीतलं सगळ्यात वारंवार येणारं जड काम. त्यावरचा उपाय महाग नाही, आणि तरी बहुतेक छोट्या दवाखान्यांत तो नसतो, याचं मला कोडं आहे. गुळगुळीत प्लास्टिकचा एक माणूसभर बोर्ड. पेशंटला एका कुशीवर किंचित कलवायचं, ड्रॉशीटच्या, म्हणजे पेशंटखाली आडव्या घातलेल्या चादरीच्या, खाली बोर्डाची कड सरकवायची, फटीवर पूल टाकल्यासारखा तो बसतो. मग उचलायचं काहीच नाही, ड्रॉशीट धरून घसरवायचं. दुसरा पर्याय स्लाइड शीट, म्हणजे निसरड्या कापडाची दुहेरी चादर, जिचा एक थर दुसऱ्यावर घसरतो. सुती चादर रेक्झिनवर चिकटते, त्या घर्षणाविरुद्धच आपली निम्मी ताकद जाते. बोर्ड नाही, शीट नाही, अशा ठिकाणी जाड प्लास्टिकची स्वच्छ मोठी पिशवी ड्रॉशीटखाली घालून काम भागवलेलं मी पाहिलंय, केलंयही. अट एकच. पेशंट पलीकडे गेला की ती लगेच काढायची. विसरलात तर पुढच्या वेळी टेबल तिरकं केल्यावर पेशंटच घसरेल.

आता प्रत्यक्ष शिफ्टिंग. ज्यावर न्यायचं ती बाजू बोटभर खाली असावी, चढावर ओढू नये. ब्रेक दोन्हीकडचे, ट्रॉलीचे आणि टेबलाचेही, आणि नुसते पायाने दाबून भागत नाही, ट्रॉलीला गुडघ्याने धक्का देऊन बघायचं. कॅथेटरची पिशवी, ड्रेन, सलाइन कुठे अडकलंय का ते आधी बघायचं, कारण मध्यावर काही अडकलं की सगळे आहे त्या वाकलेल्या स्थितीत थांबतात, आणि तेच सगळ्यात वाईट. माणसं चार तरी पाहिजेत. डोक्याशी एक, पायाशी एक, दोन बाजूंना एकेक. आदेश डोक्याशी उभ्या असलेल्या भूलतज्ज्ञांनी द्यायचा, कारण श्वासनळी आणि मान त्यांच्या ताब्यात असते. आणि मोजणीआधी ठरवायचं की ‘तीन’वर हलायचं की ‘तीन’नंतर. हे इतकं क्षुल्लक वाटतं की कुणी बोलत नाही. मामांची कंबर त्या अर्ध्या सेकंदात गेली.

ओढणाऱ्याची बाजू जास्त अवघड असते, कारण त्याला ट्रॉलीच्या पलीकडून वाकून हात लांबवावे लागतात. ड्रॉशीटची कड पेशंटच्या अंगाशी गुंडाळत आणून मुठी जवळ घ्यायच्या, एक पाय पुढे एक मागे ठेवायचा, आणि हातांनी न खेचता स्वतःच्या अंगाचा भार मागच्या पायावर टाकायचा. बैल जोर लावतो तो मानेने नव्हे, सगळ्या अंगाने, तसं. एका दमात नाही जमलं तर दोन दमांत न्या. आधी टेबलाच्या कडेपर्यंत, मग पलीकडे.

ऑपरेशन थिएटरच्या परिचारिकांची अमेरिकेत ‘एओआरएन’ ही संघटना आहे. तिने या एकेका कामासाठी मार्गदर्शक तक्ते केले आहेत. त्यांच्या हिशेबात सत्तर किलोंच्या पुढचा आडवा पेशंट नुसत्या माणसांच्या बळावर हलवूच नये, यंत्र वापरावं. छताला बसवलेली लिफ्ट, हवेवर तरंगणारी गादी. आपल्या तालुक्याच्या गावात हे कधी येईल ते येवो. बोर्ड मात्र उद्या येऊ शकतो.

पाय धरण्याच्या कामालाही असाच साधा उपाय आहे. पाय धरायला माणूसच का? टेबलाला बसणारा लेग होल्डर किंवा साधा स्टँड पाय धरतो आणि थकत नाही. तो नसेल तर दोघांनी धरा, मिनिट-दीड मिनिटाने हात बदला, आणि टेबल आधी धरणाऱ्याच्या कोपराच्या उंचीला आणा. टेबल वर-खाली होतं, त्यासाठीच पेडल दिलेलं आहे, पण ते सर्जन आल्यावर सर्जनच्या उंचीला जातं आणि तिथेच राहतं. खालच्या वाटेने केलेल्या गर्भपिशवीच्या ऑपरेशननंतर पाय स्टिरपमधून, म्हणजे पाय वर अडकवून ठेवायच्या आधारांतून, काढताना दोन्ही पाय एकदम, दोघांनी मिळून, सावकाश. यात पेशंटचा खुबाही वाचतो आणि बीपीही एकदम पडत नाही.

गुडघे वाकवा, पट्टा बांधा

दरवर्षी कुणीतरी येऊन आम्हाला गुडघे वाकवून खोकं कसं उचलायचं ते दाखवून जातं. फोटो निघतात. जमिनीवरच्या खोक्यासाठी ते ठीक आहे. ओटीचं टेबल कमरेला येतं. गुडघे वाकवले तर हनुवटी पेशंटच्या पोटावर टेकेल! शिवाय नुसतं प्रशिक्षण देऊन कंबरदुखी टळते असा पुरावा मिळत नाही. वेगवेगळे अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या कोक्रेन या संस्थेने २०११ मध्ये हेच सांगितलं. प्रशिक्षणाला माझा विरोध नाही. बोर्ड न आणता प्रशिक्षण देणाऱ्याला आहे.

कमरेच्या पट्ट्याचंही तेच. नायॉशने १९९४ मध्येच सांगितलं की निरोगी कामगाराला पट्ट्याने दुखापतीपासून संरक्षण मिळतं असं म्हणता येत नाही. पुढे २००० मध्ये दुकानांत माल उचलणाऱ्या नऊ हजारांवर कामगारांचा अभ्यास आला. पट्टा बांधणाऱ्यांत आणि न बांधणाऱ्यांत फरक दिसला नाही. दुखणं झाल्यावर डॉक्टरांनी काही दिवस पट्टा सांगितला तर तो बांधावा. पण ‘पट्टा आहे ना, उचल’ हे वाक्य मी ज्यांच्या तोंडून ऐकलंय त्यांनी तो स्वतः बांधून एकदा आजोबा उचलून बघावेत.

बाहेरच्या देशांत गाडी वेगळ्या रुळावर गेली. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात परिचारिकांच्या संघटनेने १९९८ मध्ये ‘उचलणं बंद’ असं धोरण पुढे आणलं. अमेरिकेत टेक्सासने २००५ मध्ये रुग्णालयांसाठी पेशंट सुरक्षित हलवण्याचा कायदा केला. माणसाला सुधारण्यापेक्षा काम सुधारा, हा त्यामागचा विचार. आपल्याकडे हमालांसाठी माथाडी कायदा १९६९ पासून आहे. जळगावच्या दाणाबाजारातल्या पोत्यामागे निदान एक मंडळ उभं आहे. ओटीतल्या पेशंटमागे फक्त मामा.

बाकीची ओझी

पेशंट सोडून ओटीत बरंच काही उचललं जातं, त्यातलं थोडक्यात. निर्जंतुक केलेला इन्स्ट्रुमेंटचा डबा सामानासकट ११.३ किलोंच्या, म्हणजे २५ पौंडांच्या, आत असावा असं अमेरिकेतलं मानक आहे. गुडघ्याच्या सांध्याचे सेट येतात तेव्हा एकेक ट्रे हातात तोलून बघा आणि जड असेल तर दोन डब्यांत वाटा. निर्जंतुक कपड्यांचे जड ड्रम कमरेच्या उंचीच्या फळीवर, हलके वर आणि खाली. आमच्याकडे कैक वर्षं सगळ्यात जड ड्रम सगळ्यात खाली होता, कारण ‘पडला तर कुणाला लागू नये’. अर्ध्या लिटरच्या सलाइनच्या चोवीस बाटल्यांचं खोकं बारा किलोंच्या वर भरतं. ते दारातच फोडा, आख्खं आत आणायचं कारण नाही.

जंबो ऑक्सिजन सिलिंडर रिकामा असतानाही पन्नास किलोंच्या आसपास असतो. तो कडेवर कलवून गरगर फिरवत नेणारे वाकबगार लोक प्रत्येक दवाखान्यात असतात आणि त्यांचं कौतुकही होतं. साखळी असलेली दोन चाकांची ढकलगाडी आणा आणि ते कौतुक थांबवा. सी-आर्म, म्हणजे ओटीतलं चाकांवरचं एक्स-रे यंत्र, ओढू नये, ढकलावा, आणि दोघांनी. वायरी आधी गुंडाळून घ्याव्यात. एक्स-रेपासून बचावाचा शिशाचा लेड एप्रन एका तुकड्याचा असला तर सगळं वजन खांद्यांवर लटकतं. जाकीट आणि घागरा असा दोन तुकड्यांचा घेतला तर निम्मं कमरेच्या हाडांवर जातं.

उभं राहणं हेही ओझंच. चार तास रिट्रॅक्टर, म्हणजे जखमेच्या कडा बाजूला ओढून धरायचं हत्यार, धरून उभ्या असलेल्या असिस्टंटने पायाखाली छोटा पाट घ्यावा, आणि एक पाय त्यावर, मग दुसरा, असं आलटून पालटून करावं. बुटक्या माणसाने उभं राहायचा स्टूल रुंद घ्यावा. हात वर करून धरण्यापेक्षा लाज वाटली तरी स्टूल मागावा.

आता जिन्याबद्दल, कारण हा विषय परदेशी तक्त्यांत नाही आणि आपल्याकडे रोजचा आहे. जुन्या घराचा दवाखाना केलेला, ओटी वरच्या मजल्यावर, लिफ्ट एक, आणि लाइट गेलेली. ऑपरेशन झालेला पेशंट खाली न्यायचा. जीपभर नातेवाईक तयारच असतात. चादरीची चार टोकं धरून लोक जिना उतरू लागतात. खालच्या दोघांच्या अंगावर जास्त वजन येतं, वरचे दोघे पाठ गोल करून वाकलेले, पायरी कुणालाच दिसत नाही. पेशंट स्थिर असेल तर थांबा. लाइट येईपर्यंत त्याला वरच ठेवणं हा भित्रेपणा नाही. न्यायचाच असेल तर चादर नको, पट्टे असलेलं कडक स्ट्रेचर. पाय खाली, डोकं वर. माणसं सहा, उंच माणसं खालच्या टोकाला. एकाने मोकळ्या हातांनी पुढे उलटं उतरत पायऱ्या मोजायच्या. जिन्याच्या वळणावर टेकवून हात बदलायचे. आणि नवीन दवाखाना बांधणाऱ्या सरांना माझी हात जोडून विनंती आहे. ओटी वर नेणार असाल तर रॅम्प काढा, नाहीतर लिफ्टला जनरेटर जोडा. दर्शनी भागाची काच दोन वर्षांनी बसवली तरी चालते.

लचक भरल्यावर

त्याच दिवशी लिहून ठेवा. वेळ, पेशंटचं वजन, किती जण होते, ब्रेक होता की नव्हता. कंत्राटावरचा मामा हे सांगत नाही, कारण त्याला रोज बुडण्याची भीती असते. इनचार्जने स्वतः लिहायचं. एक-दोन दिवसांपेक्षा जास्त अंथरुणात पडून राहू नका, साध्या कंबरदुखीत हळूहळू हालचाल केल्यानेच लवकर बरं वाटतं. पण दुखणं पायात उतरून पाऊल उचलेनासं झालं, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला, लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, तर रात्र असो की दिवस, ताबडतोब मोठ्या दवाखान्यात जा. अशा वेळी नस वाचवायला तासांचाच अवधी असतो. मालिश करणारा, मणका बसवणारा, गरम विटेने शेकणं, यात तो घालवू नका.

आमचे मामा परत आले. बोर्डही आला, पण पहिले दोन महिने तो स्टोअरमध्ये सलाइनच्या खोक्यांमागे उभा होता. आणायला चाळीस पावलं जायचं, तेवढ्यात पेशंट हलवूनही होतो, असं सगळ्यांचं म्हणणं. मग मी टेबलाच्या मागच्या भिंतीवर दोन खुंट्या ठोकून घेतल्या आणि बोर्ड तिथे टांगला. भिंतीला भोक पाडलं म्हणून मला ऐकून घ्यावं लागलं. त्यानंतर तो रोज निघू लागला. मोजणीआधी मामाच आता "ब्रेक?" असं विचारतात, आणि भूलतज्ज्ञ सरसुद्धा खाली चाकाकडे बघतात.